मेजर कारभारींची आत्या

रविवार, १ मार्च १९८१

"ज्याच्यापाशी सगळं बोलून टाकावंसं वाटतं, त्या माणसापासून हातभर लांब बसावं," असं वडील एकदा म्हणाले होते. ते इगतपुरीला रेल्वेत सांधेवाले होते, गाड्यांसाठी रूळ बदलून द्यायचे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. कोणाबद्दल म्हणाले ते आता आठवत नाही. आज सकाळी भाकरी थापताना ते वाक्य एकदम वर आलं आणि हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. मला माझा खलनायक सापडला होता.

सावळीरामअण्णांच्या साप्ताहिकात मुलांच्या पानावर माझी हेरकथा चालू आहे. कथेवर नाव माझं नाही. अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "चौथीची मास्तरीण हेरकथा लिहिते म्हटल्यावर पोरं पानाची पुडी करून शेंगदाणे खातील." मग त्यांनीच नाव दिलं, मेजर कारभारी. शाळेलाही परवानगीशिवाय बाहेरचं लिहिलेलं चालत नाही, म्हणून मला ते सोयीचंच झालं. घरात फक्त ह्यांना माहीत आहे. ते नोकरीनिमित्त इगतपुरीला असतात आणि शनिवारी येतात. विशूला पत्ता नाही. तेरा वर्षांची झाली, अजून रविवारी अंक आला की ओट्यावर पाय पसरून आधी ते पान वाचते. मेजरसाहेब देवळालीला राहतात आणि त्यांचा एक डोळा काचेचा आहे, असं तिनं मला सांगितलं. मी म्हटलं, असेल बाई.

कथेत झुंबर आणि बायडा ही भावंडं एका टोळीच्या मागावर आहेत. टोळी एका सरकारी कारखान्यातली गुपितं बाहेर पोचवते. म्होरक्याचं सांकेतिक नाव आहे, 'आत्या'. सगळ्यांना वाटतं, हा कोणी मिशाळ, गॉगलवाला गडी. अण्णांनी तर गालावर व्रण असलेलं चित्रही काढून घेतलं आहे.

आता मला कळलं. आत्या खरोखरची आत्या असेल. तिच्याकडे पिस्तूल नसेल. ती बायकांच्या घोळक्यात पापड लाटत बसेल. कोणालाही धमकावणार नाही. एकच प्रश्न विचारील आणि गप्प राहील, आणि समोरची बाई आपण होऊन सगळं सांगील.

असं माणूस मी कुठे पाहिलेलं नाही. डोक्यात आलं खरं.

गुरुवार, ५ मार्च

शाळा सकाळची, म्हणून दुपारी सगुणाबाईंकडे पापडांना गेले.

आमच्या घरासमोर रस्ता ओलांडला की कारखान्याची कॉलनी लागते. सगुणाबाई तिथे दुसऱ्या चाळीत राहतात. मूळच्या नामपूरच्या. त्यांचे मालक कारखान्यात कामावर असतानाच वारले. त्यांच्या जागी मुलाला, नाथाला, घेतलं. पण अजून कायम केलेलं नाही. तो कायम झाला की क्वार्टर त्याच्या नावावर होणार, तोवर दोघंही जीव मुठीत धरून आहेत. फाटकावर बंदुकवाले पहारे असलेला कारखाना, चौकशी पूर्ण झाल्याशिवाय तिथे शिपाईसुद्धा कायम होत नाही.

फाल्गुनात कॉलनीतल्या बायका आळीपाळीनं एकमेकींचे पापड लाटतात. आज हिचे, उद्या तिचे. उडदाचं पीठ सगुणाबाईंच्या ओट्यावर कुटलं जातं. प्रत्येकीचं लाटणं उन्हाळा संपेपर्यंत त्यांच्याच टोपलीत राहतं. रोज कोण ने-आण करणार? ज्या वर्षी आम्ही इथे राहायला आलो, त्या वर्षी मला कोणी बोलावलं नव्हतं. आमच्या भिंतीवरचा फोटो सगळ्यांनी पाहिला होता आणि जात ओळखली होती. पुढच्या वर्षी सगुणाबाई स्वतः दारात आल्या. "मास्तरीणबाई, लाटणं हाय ना घरात? मग असं कोपऱ्यात ठिवायला दिलंय व्हय देवानं? चला." त्यांच्या टोपलीत माझं लाटणं पडलं आणि कोणी काही बोललं नाही.

आज चांगुणा रडत होती. ती कारखान्याच्या सुरक्षा विभागातले हवालदार मल्हारी यांची बायको. लग्नाला दोन वर्षं झाली. सगुणाबाईंनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि विचारलं, "झोप लागती का वं?" एवढंच. मग पुन्हा लाटायला लागल्या. दुसरा प्रश्न नाही. थोड्या वेळानं चांगुणाच बोलू लागली. लग्नात मानपानावरून भांडण झालं, तेव्हापासून मल्हारी तिला माहेरी धाडत नाहीत, माहेरचा माणूस दारात उभा करत नाहीत.

बाकीच्या गेल्यावर मी सगुणाबाईंना म्हटलं, तुमच्यापाशी सगळ्या कशा बोलतात हो? त्या पीठ झाडत म्हणाल्या, "मी नवरी होऊन आले ना, तवा सात वर्षं त्या घरात मला कुणी इचारलं नाय, का गं, जेवलीस का म्हणून. सात वर्षं. मग म्हटलं, आपण इचारायचं."

घरी आले आणि पुढचा हप्ता एका बैठकीत झाला. आत्या एका साहेबाच्या बायकोच्या हातावर गूळ ठेवते आणि विचारते, "झोप लागते का?" कुठून सुचतं कोण जाणे.

रविवार, २९ मार्च

अण्णा स्वतः सायकलवरून आले. बाहेरूनच ओरडणार होते, मी डोळ्यांनी दटावलं. विशू घरात होती. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, काय बाई उभी केलीत! आता व्रणबिण काही नको. माझी बायको म्हणते, ह्या आत्याकडे मीसुद्धा सगळं बोलले असते."

आजच्या हप्त्यात आत्या आपल्या हस्तकाला सांगते, "सात वर्षं मला त्या घरात कोणी विचारलं नाही, जेवलीस का. म्हणून मी विचारायला शिकले. आणि शिकले तेव्हा कळलं, प्रश्नासारखं हत्यार नाही." अण्णांनी हे वाक्य जाड टाइपात छापलं आहे. शेवटचा भाग माझा स्वतःचा. मला त्याचा अभिमान वाटला.

विशूनं हप्ता लागोपाठ दोनदा वाचला. मग विचारलं, "आई, तू सगुणाबाईंकडे काय काय बोलतेस?"

"काय बोलणार? पापडांचं."

"आणि बाबांच्या नोकरीचं?"

"तुझ्या गणिताच्या मार्कांचंही बोलते," मी म्हटलं. ती हसली नाही. माझ्याकडे काळजीनं पाहत राहिली. मुली ह्या वयात आईची काळजी करू लागतात.

सोमवार, १३ एप्रिल

उद्याची तयारी. पांढरी साडी इस्त्री केली, खिरीचं सामान आणलं. सगुणाबाई दर वर्षी जयंतीला हक्कानं खीर मागून नेतात.

विशूचं हल्ली काहीतरी चाललं आहे. दुधाला जातानाही शाळेचे कॅनव्हासचे बूट घालते. "आवाज येत नाही त्यांचा," म्हणे. माझा रांगोळीचा डबा अर्धा झाला. विचारलं तर कळलं, कॉलनीतल्या दोन मैत्रिणींबरोबर जिन्याच्या पायऱ्यांवर रांगोळी भुरभुरवतात, ठसे पाहायला. बाराव्या हप्त्यात बायडा हेच करते! मला इतकं बरं वाटलं. एवढ्या मुलांत ही माझीच मुलगी माझ्या गोष्टीत राहते आहे आणि तिला माहीत नाही.

"कोणाचे ठसे गं?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही. पुरावा हातात येईपर्यंत आईलासुद्धा सांगायचं नसतं."

हे तर माझंच वाक्य. मी पदर तोंडावर धरून हसले.

गुरुवार, २३ एप्रिल



सुट्टी लागली म्हणून आज लवकरच सगुणाबाईंकडे गेले. ओट्यावर पीठ नव्हतं, बायका नव्हत्या. सगुणाबाई एकट्या बसल्या होत्या, पुढ्यात लाटण्यांची टोपली. एक मुलगी आली, "आईनं लाटणं मागितलंय," म्हणाली. सगुणाबाईंनी टोपलीतून बरोबर तिच्या आईचं काढून दिलं. ती जाते तोच दुसरी आली. मी समोर असताना अशा पाच-सहा आल्या. एकही बाई स्वतः आली नाही. सगुणाबाई प्रत्येकीला म्हणत होत्या, "सांभाळून ने गं, पडशील."

शेवटी टोपलीत दोन उरली. एक त्यांचं, एक माझं.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी टोपली बाजूला सारली. नाथा आतून आला. रजा काढून घरी बसला होता. त्यानं सांगितलं ते असं: कॉलनीतल्या मुलांनी महिनाभर सगुणाबाईंवर पाळत ठेवली. दर गुरुवारी त्या द्वारकेच्या नाक्यावर जातात, नामपूरच्या एस्टीच्या एका ड्रायव्हरला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलतात, त्याच्या हातात गठुडं देतात, हे मुलांनी पाहिलं. मुलं घरी बोलली नाहीत. सरळ फाटकावर गेली आणि मल्हारी हवालदारांपुढे उभं राहून म्हणाली, आत्या सापडली.

"आधी सगळे हसले," नाथा म्हणाला. "पण हवालदारांनी वर कळवलं. साहेबांनी आईला बोलावलं. तो माणूस कोण, गठुड्यात काय, एवढंच विचारलं. ही सांगायलाच तयार नाय! माझे कागद होते सहीला. आता चौकशी होईस्तोवर बाजूला ठेवले. आये, बोल ना गं! काय पाप केलंय तू?"

"पाप नाय केलं म्हणूनच बोलत नाय," सगुणाबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "मुलांच्या खेळावरून असं कसं..." नाथानं माझ्याकडे पाहिलं. त्याला सांगणं जड जात होतं.

"पोरांचं काय घेऊन बसलात, बाई. पण पुढं तुमची विशू होती."

शुक्रवार, २४ एप्रिल

विशूला समोर बसवलं. मला वाटलं होतं, ती घाबरेल. तिची मान ताठ होती.

"आई, तुला काही माहीत नाही. ती अगदी तशीच आहे! आधी गूळ देते, मग एकच विचारते, मग गप्प बसते. तू पण फसलीस तिला."

"अगं, ती गोष्ट आहे. कितीतरी बायका गूळ देतात."

"आणि सात वर्षांचं?" ती पुढे सरकली. "मी जिन्याखाली लपले होते. ती चांगुणाताईला सांगत होती, सात वर्षं मला कुणी विचारलं नाही, जेवलीस का. तेच शब्द! पेपरात छापून आले होते तेच. मेजरसाहेबांना ते कसं कळलं असेल सांग. ते तिच्या मागावरच असणार. त्यांनी आम्हाला खूण केली, आई."

 तोपर्यंत, खरं सांगते, मला वाटत होतं की आत्या माझ्या डोक्यातून आली. मी सगुणाबाईंचं वाक्य जसंच्या तसं घेतलंय हे लिहिताना एकदाही मनात आलं नाही. गूळही त्यांचाच. गप्प बसणंही त्यांचंच. हे मला माझ्या मुलीनं जिन्याखाली लपून शोधून दिलं.

"विशू, मेजर कारभारी मीच आहे."

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू थांबलं. बराच वेळ ती चटईची काडी उपसत होती.

"म्हणजे ती तुला सांगायची, आणि तू घरी येऊन लिहायचीस?"

"ठरवून नाही गं."

"मग आत्या कोण?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, आत्या कोणीच नाही, ती काल्पनिक आहे. ती उठून गेली. तिनं असं का विचारलं, त्याचा मी रात्रभर विचार करते आहे.

सोमवार, २७ एप्रिल

कारखान्यात गेले. शाळेला कळलं तर कळलं, नोकरी गेली तर गेली, असं ठरवून गेले. साहेबांना सगळं सांगितलं: ती गोष्ट मी लिहिते, मुलांनी गोष्टीवरून खेळ केला, सगुणाबाईंचा काही दोष नाही.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "मेजर कारभारी तुम्ही? काय सांगता! माझा मुलगा दर रविवारी अंकासाठी भांडतो." आणि चक्क एक कोरा कागद पुढे सरकवला. "त्याच्यासाठी एक सही द्या. मेजर म्हणूनच."

मी सही केली. नाही म्हणायचं सुचलंच नाही.

मग ते म्हणाले, "बाई, तुमच्या गोष्टीवर मी चौकशी लावलेली नाही. मुलांनी डोळ्यांनी पाहिलं त्यावर लावली. तो माणूस कोण, एवढं तिनं सांगावं, विषय संपला. नाही सांगायचं, तर तिनं कॉलनीत राहू नये. मुलाच्या पत्त्यावर ती नसली की मलाही कागद पुढे सरकवता येतील. माझीही नोकरी आहे."

दाराशी मल्हारी उभे होते. साहेब बोलत असलेला शब्द न् शब्द त्यांना ऐकू येत होता. मी बाहेर पडताना त्यांनी अदबीनं दार धरलं. "आमची मंडळी पण तिच्याकडं जायची बाई. बंद केलं आता. घरातनं बाहेरच पडू नको म्हटलंय."

गुरुवार, ३० एप्रिल

द्वारकेवर उभी राहिले. ट्रकांचे हॉर्न, उसाच्या रसाची गुऱ्हाळं, धूळ. नामपूरची गाडी आली. ड्रायव्हर पन्नाशीचा, गळ्यात उपरणं. गाडीतून उतरून सगळीकडे पाहत राहिला. मी जवळ जाऊन म्हटलं, सगुणाबाई आज येणार नाहीत.

तो दचकला.  मी कोण, कशाला विचारते, दहादा खात्री करून घेतली. त्याचं नाव सहादू.

"चांगुणा मनी भाची शे," तो अहिराणीत म्हणाला. चांगुणा त्याच्या बहिणीची मुलगी. "मल्हारी आमले दारमा उभा करत नही. मंग दर गुरुवारले सगुणाबाई येस, पोरनं बरंवाईट सांगस. मी घर जाईसन तिनी मायले सांगस."

"आणि गठुड्यात?"

"पापड. पोरना हातना." तो थोडं हसला. "मनी बहीण खास नही ते. नुस्ती देखस. कड देखीसन सांगस, आज पोरना हात बरा शे, आज हात थकेल शे."

 एका आईला, ते पापड न खाताच, दर आठवड्याला लेकीची खुशाली पापडाच्या कडेवरून कळत होती, आणि ते पापड मी लिहिलेल्या गोष्टीनं थांबवले.

निघताना तो हळूच म्हणाला, "पोरले दिवस शेतस. सगुणाबाई निरोप लई येस हाई मल्हारीले कळाले नको, बाई. तो मारस."

म्हणजे सगुणाबाईंनी साहेबांपुढे एक नाव घेतलं की त्या सुटतात, नाथा कायम होतो. आणि ते नाव साहेबांच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या कानात त्याच क्षणी पडतं.

रविवार, ३ मे

आज सगुणाबाईंना सांगितलं की मला सहादू भेटला, मला सगळं कळलं. त्या निवडत असलेली डाळ तशीच ठेवून माझ्याकडे पाहू लागल्या.

"मी सांगितलं नवतं तुमाला. तरी तुमी शोधत गेलात."

"तुम्हाला सोडवायला गेले."

"व्हय," त्या म्हणाल्या. "तुमी चांगल्याच हायेत."

मग मी बाकीचंही सांगून टाकलं. मेजर कारभारी कोण ते.  त्या ऐकत राहिल्या आणि मान हलवली, जणू मी वाण्याकडची साखर संपल्याचं सांगत होते.

"ठावं हाय मला. नाथानं पेपर वाचून दाखवला तवाच. मला अक्षर येत नाय, पण माझं बोलणं मला वळखू येतं." डाळीतला एक खडा काढून त्यांनी बाजूला ठेवला. "मला चोर केलं, त्याचं काय नाय. गोष्टीत कुणीतरी चोर लागतो. पण त्या सात वर्षांचं मी नाथाला कधी सांगितलं नवतं. त्याची आजी होती ती, त्याचा बाप होता. पोरानं त्यांना देव मानलं. तुमच्यापाशी एकदा बोलले, त्या चांगुणीपाशी एकदा. आणि परवा पोरगा हातात पेपर घेऊन इचारतो, आये, हे तुझं हाय का? माझ्या आजीनं तुला जेवू घातलं नाय का?"

मी एवढंच विचारलं,

"काय सांगितलंत त्याला?"

"म्हटलं, नाय रे, पेपरात कायबी छापत्यात."

त्यांनी ठरवलं आहे. नामपूरला भावाकडे जायचं. त्या गेल्या की नाथाचे कागद हलतील, चांगुणाचं नावही कुठे येणार नाही. भावाच्या घरी भावजयीचं राज्य आहे, हे त्यांनीच मागे एकदा हसत सांगितलं होतं. "पत्र्याच्या खोलीत टाकंल मला, आन् वर म्हणंल, हवा लय येती हितं."

निघाले तेव्हा नेहमीसारखं "जेवलात का?" म्हणाल्या नाहीत.

मंगळवार, ५ मे

अण्णा शेवटचा हप्ता मागायला आले. मी म्हटलं, आत्या पकडली जाणार नाही. ती आत्या नव्हतीच, मुलांची चूक झाली, असा शेवट करते.

"बाई, पोरं माझं ऑफिस फोडतील! तीन महिने त्यांना आत्या हवी म्हणून तापवलंय."

"मग मी लिहीत नाही."

"तुम्ही नका लिहू," ते शांतपणे म्हणाले. "मेजर कारभारी लिहितील. नाव माझ्या पेपरचं आहे."

इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला समजायला वेळ लागला.

विशू हल्ली फार बोलत नाही. आज काहीतरी सांगायला आली, मैत्रिणीचं काहीतरी. तोंड उघडलं आणि थांबली.

"आई, हे लिहिणार नाहीस ना?"

मी शपथ घेतली. तरी तिनं सांगितलं नाही.

रविवार, १० मे

अंक आला. आत्या एस्टी स्टँडवर पकडली गेली. हातात बेड्या, पायाशी फुटलेलं गठुडं, भोवती टाळ्या वाजवणारी मुलं. चित्रही आहे. नऊवारी नेसलेली बाई, कपाळ मोकळं. चित्रकारानं सगुणाबाईंना कधी पाहिलेलं नाही. तरी त्याच आहेत.

विशूनं अंक चुलीजवळ नेला. जाळला नाही. घडी घालून परत आणून माझ्यापुढे ठेवला. "तू वाच," म्हणाली.

सोमवार, ११ मे

उद्या सकाळच्या गाडीनं सगुणाबाई जाणार. नाथा सामान बांधतोय. कॉलनीतून कोणी निरोपाला गेलेलं नाही. चांगुणा खिडकीच्या गजांमागे उभी दिसली. मला पाहून तिनं खिडकी लावली. मला सगळं माहीत आहे, हे तिला कसं कळलं असेल? की आता ती सगळ्यांनाच पाहून खिडकी लावते?

सकाळपासून मी विचार करते आहे. साहेबांची अट एवढीच की त्या कॉलनीत नसाव्यात. आमचं घर कॉलनीत नाही. रस्ता ओलांडला की कॉलनी. नाथाला आईच्या हातचं दोन्ही वेळ मिळेल. चांगुणा पाणी भरते तो नळ आमच्या फाटकापासून दिसतो. द्वारकेचा रस्ताही इथूनच जातो. पुढची खोली मोकळी आहे, तिला बाहेरून वेगळं दार आहे. ह्यांना शनिवारी विचारलं होतं. ते म्हणाले, "बोलाव की. पण त्या कशाला येतील?"

खरं आहे. कशाला येतील? आमच्याकडे राहिल्या तर त्यांच्या भाऊबंदांत काय बोलतील ते वेगळंच. पण ते त्यांनी मनावर घेतलं नसतं. माझं लाटणं टोपलीत टाकताना त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. अडेल ते दुसरीकडेच. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे माझं टेबल आहे. मी लिहिणं सोडलं असं सांगितलं तरी त्यांनी का मानावं? विशूनं मानलेलं नाही.

आता उन्हं उतरली की जाणार आहे. त्या नाही म्हणतील, आणि तेही चिडून नाही. डाळ निवडता निवडता म्हणतील, "नको बाई, तुमाला तरास." काय म्हणायचं ते मी इथे आधी लिहून ठेवते, म्हणजे तिथे गेल्यावर स्वतःबद्दल एक शब्द जास्त बोलणार नाही.

सगुणाबाई, नामपूरला जाऊ नका. आमची पुढची खोली घ्या, कडी आतून लावा. माझ्याशी बोलू नका, मला काही सांगू नका. नुसत्या राहा.